उंची कमी म्हणून पोल व्हॉल्ट सोडायचा का? लाविलेनीचं करिअर एकदा नीट बघा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा 14 वर्षांचा, उंची 5 फूट 3 इंच, चार वर्षं मल्लखांब केलाय, आता सहा महिने पोल हातात आहे (लांब काठी टेकून उंच बारवरून उडी मारायची, तो पोल व्हॉल्ट) आणि ग्राउंडवर कोणीतरी सांगितलं की ह्याला उंची नाही, ह्याला दुसऱ्या इव्हेंटला टाका. मग तुम्ही शोधायला बसलात आणि तुम्हाला फ्रान्सचा रेनो लाविलेनी सापडला, उंची फक्त 177 सेंटीमीटर, आणि एकेकाळी जगातली सगळ्यात उंच उडी त्याच्या नावावर. तर तो अपवाद म्हणून सोडून द्यायचा का, आणि आउटडोअर वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड त्याला कधीच मिळालं नाही तरी लोक त्याला एवढं का मानतात, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी बावीस वर्षं पोरांना पोल व्हॉल्ट शिकवतोय, आमच्या सरांच्या तोंडात तर अजून बांबूउडीच बसलंय, आणि लाविलेनीच्या उड्या मी स्लो करून करून इतक्या वेळा बघितल्यात की ह्या विषयावर मला थोडक्यात लिहिता येत नाही. जरा वेळ काढून वाचा.

आधी खरं ते सांगतो, उंचीचा फायदा असतो. नाही म्हणणारा कोच तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलतोय. लाविलेनीच्या आधी ज्याच्या नावावर रेकॉर्ड होतं तो युक्रेनचा सर्गेई बुबका 183 सेंटीमीटर, ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह हुकर 187. उंच माणसाचे हात टेक-ऑफला वर असतात, म्हणजे पोल बॉक्समध्ये (रनवेच्या टोकाला जमिनीत असलेल्या खाचेत) टेकतो तेव्हाच तो जास्त उभा असतो, आणि जास्त उभा असलेला पोल पुढे सरळ करायला कमी ताकद लागते. बुटक्या पोराचा पोल आडवा राहतो, तो उभा व्हायच्या आधीच वेग संपतो आणि पोरगं पिटवर, म्हणजे गाद्यांवर, पोचायच्या ऐवजी मागे रनवेवर येतं. हे मी दर वर्षी बघतो. पण ह्या तोट्यावर एक उपाय आहे आणि तो शिकवता येतो, तो म्हणजे वेग.

साधा हिशेब बघा. टॉपचा व्हॉल्टर बॉक्सजवळ सेकंदाला साडेनऊ मीटरच्या आसपास धावतो. तो सगळा वेग काहीही वाया न जाता उंचीत बदलला तर साधारण 4.60 मीटर मिळतात. माणूस उभा असताना त्याची कंबर जमिनीपासून मीटरभर वर असतेच, ते धरून झाले 5.60. त्याच्या वरचं जे काही आहे ते हात, पाठ, पोट आणि उलटं होऊन वर ढकलण्यातून येतं. ह्या हिशेबात वेगाचा वर्ग येतो, म्हणजे वेग थोडाच वाढला तरी उंची बरीच वाढते, आणि 10 सेंटीमीटर कमी उंचीचा तोटा थोडा जास्त वेग बॉक्सपर्यंत नेऊन भरून काढता येतो. ‘बॉक्सपर्यंत नेऊन’ हे मी मुद्दाम म्हणतोय. नुसता पळणारा पोरगा वेगळा आणि पाच मीटरचा पोल हातात घेऊन शेवटच्या तीन पावलांत न घाबरता, न थांबता पळणारा वेगळा. बहुतेक सगळे तिथेच ब्रेक मारतात, आणि लाविलेनीची खरी ताकद तिथेच होती.

तो 18 सप्टेंबर 1986 चा, फ्रान्सच्या नैऋत्येला शारांत नावाचा जिल्हा आहे तिथला, कोन्याक गावात वाढलेला. वडील स्वतः पोल व्हॉल्टर, धाकटा भाऊ व्हॅलेंटिनही पुढे व्हॉल्टरच झाला. म्हणजे त्या घरात पोल ही काही नवलाईची वस्तू नव्हती, आणि फ्रान्समध्येही नव्हती. ह्या देशाला ह्या इव्हेंटचं वेडच आहे, 1984 ला लॉस एंजलिसमध्ये पिएर किनों, 1996 ला अटलांटात जाँ गालफियोन, अशी ऑलिम्पिक गोल्डं त्यांच्याकडे आधीच होती. तरी लाविलेनी काही लहानपणापासून गाजलेला स्टार नव्हता, 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकला तो टीममध्येही नव्हता. पुढे तो क्लेर्माँ-फेराँला गेला, तिथे डेमियन इनोसेन्सिओ कोच, आणि 2009 मध्ये एकदम चमकला. मार्चमध्ये ट्यूरिनला युरोपियन इनडोअर गोल्ड, जूनमध्ये पोर्तुगालच्या लेइरियामध्ये 6.01, म्हणजे गालफियोनचं 6.00 चं फ्रेंच रेकॉर्ड मोडलं. बावीस वर्षांचा होता तेव्हा. तुमचा मुलगा 14 चा आहे ताई, हे लक्षात असू द्या.

आता त्याची उडी कशी होती ते सांगतो, तुम्ही मुलासोबत व्हिडिओ बघा, समजायला सोपं जाईल. बुबकाची उडी पुस्तकातली मानतात, पाय जमीन सोडतो तेव्हा वरचा हात बरोबर त्याच्या वर किंवा किंचित पुढे. लाविलेनी आत शिरून उडायचा, म्हणजे टेक-ऑफचा पाय हाताच्या खालून पुढे गेलेला, ज्याला आम्ही ग्राउंडवर ‘अंडर’ म्हणतो आणि पोरांना त्यावरून ओरडतो. अंडर गेलं की पोल खांद्याला झटका देतो, कंबर मागे खेचली जाते, वेग मरतो. पण ह्याचा वेग इतका आणि छाती-खांद्यातून ढकलणं इतकं जबरदस्त की तो झटका खाऊनही पोल पुढे न्यायचा, आणि मग जे व्हायचं ते बघण्यासारखं आहे, पाय लांब ठेवून झोका, एका क्षणात पूर्ण उलटा, डोकं खाली, पाय आभाळाकडे, आणि पोल सरळ होतोय तेवढ्यात हा त्याच्या टोकावरून सुटलेला. लहान अंगाचा इथे फायदा होतो, लांब पायांच्या माणसाला उलटं व्हायला जास्त वेळ लागतो. तो अंडर उडायचा म्हणून मुलानेही उडावं असं मी अजिबात म्हणत नाहीये. उलट ते करू देऊ नका, त्यात पाठीची आणि घोट्याची वाट लागते. माझं म्हणणं एवढंच की त्याची उडी आखीवरेखीव नव्हती, त्याने स्वतःच्या अंगाला जुळेल अशी उडी घडवली आणि ती हजारो वेळा मारली.

2012 चं लंडन ऑलिम्पिक. तिथे ब्योर्न ओटो आणि राफाएल होल्झडेप्पे हे दोघे जर्मन 5.91 पार करून पुढे गेले, लाविलेनीला 5.91 गेलं नाही. अशा वेळी साधा माणूस तीच उंची परत मारत बसतो. ह्याने बार 5.97 वर असताना मारायचं ठरवलं आणि पार केलं, ऑलिम्पिक रेकॉर्डसह गोल्ड. पोल व्हॉल्टमध्ये एका उंचीवर चुकलं की उरलेले चान्स पुढच्या उंचीसाठी राखून ठेवता येतात, पण ओळीने तीन चुका झाल्या की आउट. आता असं बघा, 5.91 पार केलं असतं तरी जास्त चुकांमुळे तो मागेच राहिला असता, मग गोल्डसाठी 5.97 लागणारच होतं, तर दम 5.91 वर का घालवायचा. एवढा विचार तो काही मिनिटांत, हजारो लोकांसमोर करू शकायचा. पोल व्हॉल्टची स्पर्धा दोन-अडीच तास चालते, अर्धी स्पर्धा बसून वाट बघण्यात जाते, आणि त्या बसण्यात जो बरोबर हिशेब करतो तो जिंकतो. ह्या खेळात स्पर्धा वाचणारा इतका हुशार माणूस मी दुसरा बघितला नाही.

ह्याची दुसरी बाजूही आहे. 2016 च्या ॲम्स्टरडॅम युरोपियनला बाकीचे खालच्या उंच्या मारत होते तेव्हा हा थांबला, पहिली उडी थेट वरच्या उंचीला मारायला आला आणि तिन्ही चान्स चुकला. एकही उंची नाही. त्या दिवशी गोल्ड 5.60 ला गेलं, म्हणजे त्याच्या सरावातल्या उंचीला. माझ्याकडचा एक पोरगा, त्याचं बेस्ट 4.40, एका राज्य स्पर्धेत लाविलेनीसारखं करायचं म्हणून 4.10 ला आत आला आणि वारा फिरला, नो हाइट. घरी जाताना एसटीत पूर्ण रस्ता बोलला नाही, पोलच्या ग्रिपवरची टेप सोलत बसला होता, गाव आलं तेव्हा मांडीवर टेपचा बोळा झाला होता. त्याला मी तेव्हा काही बोललो नाही, दुसऱ्या दिवशी ॲम्स्टरडॅमचा निकाल काढून दाखवला. आता माझ्याकडचा नियम पक्का आहे, आपल्या बेस्टच्या 50 सेंटीमीटर खाली पहिली उडी, मग कुठली उंची न मारता सोडायची ती सोडा.

आता डोनेत्स्क. 15 फेब्रुवारी 2014, युक्रेन. हे शहर बुबकाचं, स्पर्धा बुबकानेच सुरू केलेली, आणि 1993 च्या 21 फेब्रुवारीला बुबकाने 6.15 चं इनडोअर रेकॉर्ड मारलं तेही ह्याच शहरात. म्हणजे 21 वर्षांना सहा दिवस कमी एवढा काळ त्या आकड्याला कोणी हात लावला नव्हता, आम्ही तर पोरांना सांगायचो की हे आपल्या हयातीत मोडत नाही. लाविलेनी त्या सिझनला आधीच पेटलेला होता, पंधरा दिवसांपूर्वी पोलंडमध्ये 6.08 केलं होतं. डोनेत्स्कला बार 6.16 वर लावला, बुबका स्वतः समोर बसलेला, आणि पहिल्याच चान्सला पार. व्हिडिओ बघा, बार हलतही नाही, आणि खाली पडताना हवेतच त्याच्या तोंडावर आधी विश्वासच नसल्याचा भाव येतो, मग पिटवर पडून उठतो ते ओरडतच आणि सैरावैरा पळत सुटतो. मला अजून ते बघताना अंगावर काटा येतो, खोटं नाही सांगत.

पण ह्या गोष्टीचं शेपूट लोक विसरतात. त्याच दिवशी त्याने बार 6.21 वर लावला, उडी अर्धवट झाली आणि पायाला जखम झाली, टाके पडले. पुढच्याच महिन्यात वर्ल्ड इनडोअर होतं, ते गेलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी उडी मारल्यावर अर्ध्या तासात पोल खाली ठेवावा की आणखी एकदा पळावं? मी कोच म्हणून सांगीन ठेव. पण जो ठेवतो तो बहुतेक 6.16 पर्यंत पोचतच नाही, हेही मला कळतं, आणि ह्या प्रश्नाचं माझं उत्तर दर वर्षी थोडं बदलतं.

तुमचा दुसरा प्रश्न, आउटडोअर वर्ल्डचं गोल्ड. खरंय, नाही मिळालं. 2009 बर्लिन ब्राँझ, 2011 देगू ब्राँझ, 2013 मॉस्को सिल्व्हर, 2015 बीजिंग ब्राँझ, 2017 लंडन ब्राँझ. मॉस्कोला तर होल्झडेप्पे आणि हा दोघेही 5.89, चुकांच्या मोजणीवर गोल्ड गेलं. आता हेच उलटं वाचा, ओळीने पाच वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि पाचही वेळा पोडियमवर. आणि 2010 ते 2016 सलग सात वर्षं डायमंड लीगची ट्रॉफी, तीन वर्ल्ड इनडोअर गोल्ड, युरोपची तर आउटडोअर तीन आणि इनडोअर चार. डायमंड लीग म्हणजे सिझनभर वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या वाऱ्यात, वेगळ्या रनवेवर उडायचं, आज पाऊस तर परवा उकाडा, पोल विमानाने वेळेत येतील की नाही ते माहीत नाही. सात वर्षं सलग ते जिंकणं मला तरी एका गोल्डपेक्षा जड वाटतं. पोल व्हॉल्टर एका दिवशी कोणीही चांगला असतो, सात वर्षं चांगलं असायला तब्येत, झोप, पोलची निवड आणि डोकं सगळं लागतं. तो खूप स्पर्धा खेळायचा, खेळता खेळताच तयार व्हायचा. आपल्याकडे पोरं वर्षाला चार-पाच मीट खेळतात आणि पाचव्या मीटला त्यांच्याकडून मेडलची अपेक्षा.

एक दुर्दैवाचा प्रसंगही सांगतो कारण त्यातून नियम कळतो. 2013 ला गोथेनबर्गमध्ये युरोपियन इनडोअर 6.01 ने जिंकल्यावर त्याने 6.07 मारलं, बार खाली पडला नाही, हा नाचायला लागला, पण बार खुंट्यांवरच्या आपल्या जागेवरून हलून भलतीकडे टेकला होता आणि जजने लाल झेंडा दाखवला. बार नुसता वर राहून चालत नाही, आपल्या खुंट्यांवर राहिला पाहिजे. मुलाला हे आत्ताच सांगून ठेवा.

आणि रिओ 2016. तिथे तो 5.98 पर्यंत एकही चूक न करता गेला, गोल्ड जवळजवळ हातात. ब्राझीलच्या थियागो ब्राझने 5.98 सोडून 6.03 लावायला सांगितलं आणि ते पार केलं, म्हणजे लाविलेनीचाच डाव लाविलेनीवर उलटला. ह्याने 6.03 वर दोनदा चुकून उरलेला चान्स 6.08 साठी ठेवला, गेला नाही. सिल्व्हर. मैदानातले लोक त्याच्या रनअपच्या वेळी हुर्यो करत होते, फुटबॉलसारखं, आमच्या खेळात हे होत नाही, रनअपला शांतता हवी असते किंवा तालात टाळ्या. तो चिडला आणि हिटलरच्या काळात 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकला धावलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन जेसी ओवेन्सशी स्वतःची तुलना करून बसला, जी करायला नको होती, आणि त्याने माफीही मागितली. दुसऱ्या दिवशी मेडल द्यायच्या वेळी परत हुर्यो झाली आणि तो पोडियमवर रडला. बुबका आणि जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा तेव्हाचा अध्यक्ष सेबॅस्टियन को त्याला आत समजावत होते. मी ते चुकीचं बोलणं झाकत नाही, पण 29 वर्षांच्या माणसाला पोडियमवर उभं करून हुर्यो करणं हेही मला आजपर्यंत पटलेलं नाही.

त्यानंतर स्वीडनचा मोंडो डुप्लांटिस आला. लहानपणी त्याचा हिरो लाविलेनीच. 8 फेब्रुवारी 2020 ला पोलंडच्या तोरुनमध्ये मोंडोने 6.17 मारलं, लाविलेनीचं रेकॉर्ड सहा वर्षांना एक आठवडा कमी एवढं टिकलं. मला लाविलेनी सगळ्यात जास्त आवडतो तो ह्याच्या पुढचा. लॉकडाऊनमध्ये, 3 मे 2020 ला, तो, मोंडो आणि अमेरिकेचा सॅम केंड्रिक्स, तिघांनी आपापल्या घराच्या अंगणातल्या पिटवर ऑनलाइन स्पर्धा लावली, बार पाच मीटरवर, अर्ध्या तासात कोण जास्त वेळा पार करतो. मोंडो 36, लाविलेनी 36, केंड्रिक्स 26. पाच मीटर, अर्ध्या तासात 36 वेळा! आपल्याकडे पाच मीटर एकदा पार करणारे मोजके. क्लेर्माँ-फेराँला लाविलेनीने स्वतः एक इनडोअर मीट उभी केली, फक्त पोल व्हॉल्टची, ऑल स्टार पर्श, फ्रेंचमध्ये पोलला पर्श म्हणतात. त्याच मीटमध्ये 2021 ला, 34 व्या वर्षी, त्याने स्वतः 6.06 केलं. आणि त्याच मीटमध्ये 2023 ला मोंडोने 6.22 आणि 2025 ला 6.27, दोन वर्ल्ड रेकॉर्ड मारले. ज्याने आपलं रेकॉर्ड मोडलं त्याला आपल्याच गावात बोलावून रनवे आणि गर्दी उभी करून द्यायची. बुबकाने डोनेत्स्कला त्याच्यासाठी जे केलं तेच त्याने पुढच्याला दिलं.

2021 पासूनची काही वर्षं त्याला कठीण गेली, टोकियोला घोटा दुखावलेला असताना आठवा आला, पुढे हॅमस्ट्रिंगचं ऑपरेशन, 2024 च्या पॅरिसला, आपल्याच देशातल्या ऑलिम्पिकला, तो खेळाडू म्हणून नव्हता.

आता तुमच्या मुलाचं. मल्लखांब केलेल्या पोरांना उलटं व्हायची भीती नसते, हे सोनं आहे, विशेषतः दोरीचा मल्लखांब केला असेल तर. बाकीच्या पोरांना डोकं खाली घालून लटकायला शिकवण्यात माझं वर्ष जातं. पण एक खोड असते, मल्लखांबाची पोरं लगेच हाताने ओढायला लागतात आणि पायांनी पकडायला बघतात, कारण खांबावर तेच करायचं असतं. पोलवर हात लांब सोडून आधी झुलायचं असतं, ओढणं सगळ्यात शेवटी. माझ्या एका मुलीला मी दोन महिने पोल दिलाच नाही, नुसती दोरी, खालचा हात सरळ, झोका घे आणि पाय वर, झोका घे आणि पाय वर. तिने एक दिवस कंटाळून विचारलं सर पोल कधी, मी म्हटलं कोपर वाकायचं बंद झालं की. पुढच्या आठवड्यात बंद झालं.

तर उंचीचं सोडा आणि तीन गोष्टी विचारा जिथे तो शिकतोय तिथे. एक, त्याचा 30 मीटरचा टाइम पोल हातात नसताना किती आणि असताना किती, ह्यातला फरक कमी होतोय का ते दर महिन्याला लिहून ठेवा. दुसरं, पोल त्याच्या वजनाचा आहे का, पोलवर वजन लिहिलेलं असतं, आपल्याकडे अनेकदा एकच पोल सगळी पोरं वापरतात, 45 किलोच्या पोराला 70 किलोचा पोल दिला तर तो वाकतच नाही आणि मग म्हणतात ह्याला उंची नाही. तिसरं, पिट. बॉक्सच्या कडेला पॅडिंग आहे का, दोन गाद्यांच्या मधे फट आहे का, स्वतः जाऊन फटीत हात घालून बघा. फट असेल तर पूर्ण रनअपने उडू देऊ नका, मग कोच रागावला तरी चालेल.

मुलाच्या उडीचा एक व्हिडिओ बाजूने काढा, रनवेच्या काटकोनात, टेक-ऑफच्या जागेसमोर उभं राहून, फोन आडवा धरून, आणि मला पाठवा. पाय हाताच्या खाली पडतोय की पुढे जातोय एवढं बघून मी पुढचं सांगतो.